रीलोडिंगचं सामान नवीन, तरी दर वेळी तेच: केस अडकते, वजन हलतं, राउंड चेंबरमध्ये बसत नाही

रीलोडिंग, म्हणजे काडतुसांच्या वापरलेल्या केस (पितळी नळ्या) घरी पुन्हा भरणं, नव्याने सुरू केलेल्यांचा प्रश्न बहुतेक एकच असतो, शब्द तेवढे वेगळे. प्रेस (दांड्याने दाब देणारं यंत्र) घेतला, डाय (केसला आकार देणारा साचा) घेतली, काटा घेतला, पहिला डबा बरा निघाला आणि मग सुरू झालं, कधी केस डायमध्ये अशी अडकते की दांडा हलत नाही, कधी तोच चार्ज (एका केसमध्ये जाणारी पावडर) काट्यावर पाच मिनिटांनी वेगळा दाखवतो, कधी तयार राउंड (भरलेलं काडतूस) चेंबरमध्ये, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीत, अर्धा जाऊन थांबतो. आणि प्रश्नाचा शेवट ठरलेला, "आता कुठला मोठा प्रेस घेऊ?"

मोठा प्रेस घेऊ नका. ह्या तिन्ही तक्रारी प्रेसच्या क्वचितच असतात. बहुतेकांनी पैसे वेगावर घातलेले असतात आणि मोजण्याच्या सामानावर हात आखडलेला असतो, तिथेच सगळं अडतं. म्हणून खाली एकेक लक्षण घेतो आणि त्यामागे कुठलं सामान कमी पडतंय किंवा चुकीचं घेतलंय ते सांगतो.

त्याआधी दोन गोष्टी, ह्या टाळून पुढे वाचू नका. एक, तुम्ही राहता तिथे घरी काडतुसं भरायला, प्रायमर (केसच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) आणि पावडर (बारूद) ठेवायला कायद्याने परवानगी आहे का हे नक्की करा, काही देशांत हा छंद सर्रास चालतो आणि काही ठिकाणी परवाना असलेल्या माणसालाही मनाई असते. दुसरं, सगळ्यात पहिली खरेदी म्हणजे पावडर किंवा बुलेट बनवणाऱ्या कंपनीचं छापील लोडिंग मॅन्युअल. चार्ज किती, हे फक्त तिथून घ्यायचं, कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्याही नाही. मॅन्युअलमध्ये सुरुवातीचा चार्ज आणि कमाल चार्ज असे दोन आकडे असतात, सुरुवात खालच्या आकड्यावरून. फक्त कमाल आकडा दिला असेल तर साधारण 10 टक्के खालून सुरू करायची पद्धत आहे, पण खाली उतरू नका असं त्या पावडरसाठी स्पष्ट लिहिलेलं असेल तर ते ऐकायचं.

वजन हलतं

सगळ्यात जास्त डोकेदुखी इथे आहे, म्हणून इथेच जरा थांबू. आपल्या कामात वजन ग्रेनमध्ये मोजतात, 1 ग्रॅम म्हणजे 15.43 ग्रेन. साधा इलेक्ट्रॉनिक काटा 0.1 ग्रेनपर्यंत दाखवतो, म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅम. इतकं बारीक वजन मोजणारी वस्तू पंख्याच्या झुळकीने, हाताच्या उबेने, शेजारी ठेवलेल्या मोबाईलने हलणारच, त्यात काटा खराब असेलच असं नाही.

काटा हलतोय अशी शंका आली की आधी हे करा. काटा चालू करून वीस-तीस मिनिटं तसाच ठेवा, आतला लोड सेल (वजन जाणणारा भाग) गरम होऊन स्थिर व्हायला वेळ लागतो, आणि थंड खोलीतून आणून लगेच कॅलिब्रेट केलेला काटा तासाभरात हमखास सरकतो. पंखा, एसी बंद. मोबाईल दुसऱ्या टेबलावर. ज्या टेबलावर प्रेसचा दांडा ओढताय त्याच टेबलावर काटा ठेवलाय का बघा, बऱ्याच जणांचा असतो आणि प्रत्येक ओढीला आकडा नाचतो, काट्याला वेगळा घट्ट स्टूल द्या. बॅटरी उतरलेली असेल तर अडॅप्टर लावा. हवा खूप कोरडी असेल तर प्लास्टिकच्या पॅनवर आणि फनेलवर स्टॅटिक धरतं, पावडरचे दाणे कडेला चिकटलेले दिसतात, तेव्हा धातूचं पॅन घ्या आणि काटा प्लास्टिकच्या झाकणापासून लांब ठेवा.

आता एक युक्ती जी सगळ्यांनी करावी. पॅन ठेवून काटा शून्य करा, मग पॅन उचला, काटा वजा आकडा दाखवेल, समजा वजा 148.3. तो आकडा कागदी टेपवर लिहून काट्याच्या कपाळावर चिकटवा. काम करताना दर वेळी पॅन उचलल्यावर नजर त्या आकड्यावर जाऊ द्या, तोच आला तर काटा जागेवर आहे, वजा 148.6 आला तर काटा सरकला, आणि मागचा आकडा बरोबर आला तेव्हापासूनचे सगळे चार्ज परत मोजायचे. ह्याला पैसा लागत नाही आणि गडबड त्याच क्षणी कळते.

पण काटा सरकला नाही एवढंच त्याने कळतं, काटा खरं बोलतो का ते कळत नाही. त्यासाठी चेक वेट लागतात, आणि ती तुमच्या चार्जच्या जवळपासची हवीत. काट्याबरोबर येतं ते कॅलिब्रेशनचं वजन बऱ्याचदा 50 ग्रॅमचं असतं, म्हणजे 770 ग्रेनच्या वर, आणि तुमचा चार्ज असतो त्याच्या कितीतरी पट खाली. 50 ग्रॅमला बरोबर असलेला काटा तुमच्या चार्जपाशीही बरोबरच असेल असं धरून चालू नका. चेक वेटचा छोटा सेट पहिल्याच खरेदीत घ्या. तो येईपर्यंत एक बुलेट वेगळी डबीत ठेवून रोज तिचं वजन लिहून ठेवा, खरं वजन नाही कळणार पण आज आणि काल यातला फरक कळेल.

आणखी एक प्रकार, ज्याने भलेभले फसतात. चार्ज थोडा कमी आहे म्हणून ट्रिकलरने (थोडे थोडे दाणे सोडणाऱ्या नळीने) एकेक दाणा सोडत बसता आणि आकडा हलतच नाही, मग एकदम दोन घरं उडी मारतो. बऱ्याच स्वस्त काट्यांत शून्य आपोआप पकडून ठेवायची सोय असते, खूप हळू टाकलेलं वजन काटा स्वतःचंच सरकणं समजून गिळून टाकतो. म्हणून शेवटचे दाणे टाकून झाले की पॅन पूर्ण उचला, परत ठेवा, मगच आकडा खरा माना. आणि युनिटचं बटण! ग्रेन आणि ग्रॅमची खूण स्क्रीनवर बारीकशी असते, काम सुरू करताना ती मोठ्याने वाचा.

नवशिक्याने कुठला काटा घ्यावा असं विचाराल तर माझं मत दांडीच्या काट्याकडे झुकतं. त्याला वीज नको, गरम व्हायला नको, मोबाईलचा त्रास नाही, धारेवर टेकलेली दांडी आणि हेलकावे थांबवायला चुंबक, बस. हळू आहे, मान्य. पण त्याची बिघाडाची कारणं डोळ्याला दिसतात, धारेखाली कचरा आला, पाया समतल नाही, सरकतं वजन खाचेत नीट बसलं नाही, एवढीच. काही दिवसांनी इलेक्ट्रॉनिक घ्या आणि दांडीचा काटा पडताळायला ठेवा.

केस डायमध्ये अडकते

इथे पहिला प्रश्न, केस कुठली? सरळ भिंतीच्या पिस्तुलाच्या केसला अतिकठीण कार्बाइडची सायझिंग डाय (फुगलेली केस परत मापात आणणारी) घेतली तर ल्यूब (वंगण) लागत नाही, म्हणूनच नवशिक्याने पिस्तुलाच्या काडतुसापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. बाटलीच्या आकाराची रायफलची केस मात्र ल्यूबशिवाय घालायचीच नाही, आणि रायफलच्या कार्बाइड डाय मिळतात त्यांनाही ल्यूब लागतंच, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते आणि महागडी डाय पहिल्याच केसला जाम होते.

ल्यूब लावूनही अडकत असेल तर तीन ठिकाणी बघा. स्प्रे ल्यूब मारून लगेच केस आत घातली का? स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं, ते उडून गेल्यावरच मागे राहिलेला थर काम करतो, चार-पाच मिनिटं वाळू द्या. खालचा भाग कोरडा राहिला का? सगळ्यात जास्त घर्षण केसच्या बुडाजवळ होतं आणि लोक मानेपाशीच चोळत बसतात. परत वर येताना कुरकुर आवाज करत जड येते का? मग आतला एक्स्पांडर (मान आतून रुंद करणारा गोळा) कोरड्या मानेतून ओढला जातोय, मानेच्या आत ब्रशने किंचित ड्राय ल्यूब फिरवा.

जास्त ल्यूबही वाईट. खांद्यावर बोटाने दाबल्यासारखे खड्डे पडले तर ते ल्यूबचेच, तेल डायमध्ये कोंडलं आणि पितळ आत दबलं. डाय पुसा, तिचं हवेचं छोटं भोक मोकळं आहे का बघा, आणि ल्यूब निम्म्यावर आणा.

अडकलीच तर दांड्याला लटकू नका. रिम फाटते आणि काम वाढतं. डाय प्रेसमधून काढा, डीकॅपिंगचा (जुना प्रायमर ढकलून काढणारा) दांडा जमेल तितका वर घ्या, केसच्या बुडाला ड्रिल मारून आटे पाडा आणि बोल्टने ओढून काढा, ह्याचं तयार किट मिळतं आणि रायफलवाल्याने ते पहिल्या दिवसापासून खोक्यात ठेवावं. ड्रिल मारायच्या आधी आत जिवंत प्रायमर नाही याची खात्री पाहिजे, असेल किंवा शंका असेल तर ड्रिलला हातच लावू नका, डायसकट जाणकार माणसाकडे न्या.

राउंड चेंबरमध्ये बसत नाही

ह्याचं कारण घरीच शोधता येतं, पण फक्त डमीवर, म्हणजे प्रायमर नाही, पावडर नाही, नुसती केस आणि बुलेट. भरलेला राउंड घरात बंदुकीत घालून बघायचा नाही, काहीही झालं तरी. डमी घ्या, परमनंट मार्करने सगळी काळी करा, चेंबरमध्ये हळूच घाला, काढा, आणि रंग कुठे घासला गेलाय ते बघा. खांद्यावर घासलं तर सायझिंग पुरेसं झालं नाही. मानेच्या टोकाला घासलं तर केस लांब झाली आहे, ट्रिम करायला हवी. बुलेटवर चौकोनी खुणा उमटल्या तर बुलेट बाहेर राहिली आहे आणि रायफलिंगला (बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांना) टेकतेय. खांद्याच्या जरा खाली फुगीर पट्टा चमकत असेल तर क्रिंप (केसचं तोंड बुलेटवर आवळणं) जास्त झालाय आणि खांदा बाहेर ढकलला गेलाय.

खांद्याचं लक्षण असेल तर डाय सेटिंग बघावं लागेल. डायच्या खोक्यातल्या कागदावर बहुतेक असं लिहिलेलं असतं की रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा दंड) वर करून डाय शेलहोल्डरला (केसचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत फिरवा, मग अजून पाव फेरा. सुरुवातीला ते चालतं, पण ह्या डायचे आटे जवळपास सगळ्या कंपन्यांत 7/8-14 असे ठरलेले आहेत, इंचाला 14 आटे, म्हणजे पूर्ण एक फेरा फिरवला की डाय साधारण 71 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) खाली जाते आणि एक अष्टमांश फेऱ्याला सुमारे 9 थाऊ. बोल्ट रायफलला खांदा मागे सरकवायचा असतो तो दोनेक थाऊ, म्हणजे घड्याळातल्या दोन मिनिटांच्या अंतराएवढीसुद्धा फिरवण नाही. पाव फेऱ्याने लोक खांदा गरजेपेक्षा कितीतरी मागे ढकलतात, राउंड मस्त बसतो, सगळे खूश, आणि तीन-चार फायरिंगनंतर केसच्या बुडापासून थोडं वर चमकदार रेघ दिसायला लागते. ती रेघ म्हणजे केस तिथे ताणून पातळ झाली, तिथून ती तुटते. वाकवलेली पातळ तार आतून फिरवली की खाच बोटाला जाणवते. खाच लागली की केस भंगारात, तिला आणखी एक संधी नको.

म्हणून सामानाच्या यादीत डिजिटल व्हर्नियर आणि त्या काडतुसाचा केस गेज पाहिजेच. व्हर्नियरवर अर्धा थाऊ इकडेतिकडे होणार हे धरून चाला, पण लांबी, ट्रिम आणि एकूण राउंडची उंची ह्यासाठी तो पुरतो. केस गेजमध्ये केस टाकली की बूड दोन पायऱ्यांच्या मधे आलं पाहिजे, वर राहिलं तर सायझिंग कमी, खाली गेलं तर जास्त, इतकं सोपं आहे. पिस्तुलाला गेज नसला तर बॅरल काढून त्यात डमी टाकून बघता येते, आत पडताना टक असा आवाज आला पाहिजे आणि उलटी केली की स्वतःहून बाहेर पडली पाहिजे.

पिन तुटते, प्रायमर नीट बसत नाही

डीकॅपिंग पिन सारखी तुटत असेल तर डायला दोष देण्याआधी केसमध्ये टॉर्च मारा. मधोमध एक भोक दिसलं तर बॉक्सर, ती आपल्या कामाची. दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन, पिन मधल्या भागावर आपटून तुटणारच, त्या केस वेगळ्या काढा. उचललेल्या केस वापरत असाल तर हा टॉर्चचा नियम मोडू नका, शिवाय आत खडा, तुटलेला प्लास्टिकचा तुकडा, कधी दुसरी छोटी केस सुद्धा निघते.

प्रायमर आत जाताना चिरडत असेल आणि केस लष्करी असेल तर पॉकेटच्या कडेला क्रिंपची कडी असते, ती स्वेज करून (दाबून सपाट करून) किंवा रीमरने काढल्याशिवाय नवा प्रायमर जात नाही. जोर लावायचा नाही. प्रायमर बुडापेक्षा किंचित खाली बसला पाहिजे, बोट फिरवलं की खळगा लागला पाहिजे, उंचवटा नाही. उंच राहिलेला प्रायमर काही वेळा फुटत नाही आणि काही वेळा, खासकरून सेल्फ-लोडिंग बंदुकीत, बोल्ट बंद होतानाच फुटतो, ही दुसरी शक्यता फार गंभीर आहे. हाताने प्रायमर बसवायचं टूल घ्या, दाब बोटांना कळतो, प्रेसच्या लांब दांड्यावर तो कळत नाही. डोळ्यांवर गॉगल कायम, आणि प्रायमर कंपनीच्या मूळ पॅकमध्येच, काचेच्या बरणीत ओतून ठेवायचे नाहीत.

मग प्रेस कुठला?

सिंगल स्टेज, ओतीव लोखंडाचा, बंद चौकटीचा. आरसीबीएसचा रॉक चकर किंवा ली, लायमन, हॉर्नाडीचे त्याच जातीचे प्रेस, यात फारसा फरक नवशिक्याला पडणार नाही. दांडा एकदा ओढला की एकच काम होतं, आणि शिकताना तेच हवं असतं. प्रोग्रेसिव्हवर दर ओढीला चार-पाच कामं वेगवेगळ्या केसवर एकाच वेळी चालतात, त्यातलं एक अडलं, तुम्ही दांडा अर्ध्यावरून मागे घेतला, प्लेट फिरली की नाही आठवत नाही, आणि एक केस रिकामी किंवा दोनदा भरलेली पुढे जाते. सरावाच्या माणसाला ते यंत्र उत्तम आहे. तुमची पहिली हजारभर काडतुसं सिंगल स्टेजवर होऊ द्या, आणि पुढे प्रोग्रेसिव्ह आलं तरी हा प्रेस वाया जात नाही.

सिंगल स्टेजवर लोडिंग ब्लॉक वापरता येतो, लाकडाचा भोकांचा ठोकळा. रिकाम्या केस उलट्या, भरलेल्या सुलट्या. सगळ्या भरून झाल्या की बुलेट लावायच्या आधी टॉर्च घेऊन रांगेने आत बघायचं, पावडरची पातळी सगळ्यांत सारखी दिसली पाहिजे. शक्य असेल तिथे मॅन्युअलमधली अशी पावडर निवडा जी केस अर्ध्याच्या वर भरते, म्हणजे चुकून दोनदा पडली तर ती बाहेर सांडते आणि लपून राहत नाही. टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा, काम झालं की उरलेली त्याच डब्यात परत, मेझरच्या (पावडर मापून टाकणाऱ्या यंत्राच्या) हॉपरमध्ये, म्हणजे वरच्या डब्यात, रात्रभर नाही.

पावडर मेझर ही नंतरची खरेदी. घेतला आणि चार्ज कमीजास्त पडतोय असं वाटलं तर आधी पावडरचा आकार बघा, गोल किंवा चपट्या दाण्याची पावडर ड्रममधून सुरळीत पडते, काड्यांसारखी लांब पावडर कापली जाते, दांडा कचकन अडतो आणि वजन बदलतं. तिथे दोष मेझरचा नाही, थोडी कमी टाकून ट्रिकलरने पूर्ण करा. हॉपर एक तृतीयांशाच्या खाली जाऊ देऊ नका, दांडा दर वेळी त्याच वेगाने वर-खाली करा, आणि सुरुवातीचे आठ-दहा चार्ज परत हॉपरमध्ये ओता, पावडर खाली बसायला तेवढे लागतात.

तयार किट घ्यावं का? घ्या, पण खोक्यावरची यादी वाचून. किटमध्ये प्रेस, काटा, मेझर, ब्लॉक, फनेल असतं. डाय, शेलहोल्डर, व्हर्नियर, ट्रिमर, चेक वेट, गेज, बुलेट पुलर (बुलेट परत ओढून काढणारं अवजार) हे बहुतेक नसतं, आणि वरच्या सगळ्या तक्रारी नेमक्या ह्याच वस्तूंवाचून होतात. जुनं सामान घ्यायचं तर प्रेस आणि दांडीचा काटा बिनधास्त जुना घ्या, रॅम हलवून बघा, काट्याची धार बघा. उघडलेला पावडरचा डबा आणि सुटे प्रायमर मात्र फुकट मिळाले तरी नको, आत काय आहे ते लेबल सांगत नाही.

केस साफ करायचा टंबलर लगेच लागत नाही, कोमट पाणी आणि साबणाने काम भागतं, नीट वाळवल्या म्हणजे झालं. टंबलर घेतलाच तर तो घराबाहेर किंवा हवेशीर जागी चालवा, त्याच्या धुळीत शिसं असतं, काम झालं की थंड पाण्याने साबण लावून हात धुवा आणि त्या टेबलावर खाणंपिणं ठेवू नका.

रेंजवर गेल्यावर आवाज नेहमीपेक्षा फुसका आला किंवा धक्का लागलाच नाही तर तिथेच थांबा, पुढचा राउंड घालू नका. बंदूक सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, रिकामी करा आणि बॅरलमधून आरपार उजेड दिसतो का बघा. बुलेट आत अडकली असेल आणि मागून दुसरी गेली तर बॅरल फुटते. त्या बॅचचे उरलेले राउंड घरी आणून एकेकाचं वजन करा, संशय आला तर पुलरने उघडा, आणि त्या दिवशी काटा, मेझर, ब्लॉक यातलं नेमकं काय चुकलं ते सापडेपर्यंत पुढची बॅच भरायला घेऊ नका.